आफ्रिका आमच्या रानात

गंगापूजनाला ये म्हणून दादाचा फोन आला, तेव्हा मी नवऱ्याच्या पँटच्या शिवणीतून टांझानियाची लाल माती घासून काढत होते. दोनदा धुऊनही मेली जात नव्हती.

"रुकमे, पाणी लागलं गं! तीन इंची! धार पार बांधापतोर गेली," दादा ओरडत होता. मागे मशीनचा धडधडाट आणि माणसांचा गलका. "शुक्करवारी पूजा हाय. लेकीच्या हातानं करायची असती. दाजीला घेऊन ये."

"कुठं लागलं?"

"आपल्याच रानात की."

"रानात कुठं?"

"तितंच. खुंटीपाशी."

मी फोन बंद केला आणि पँट बादलीत फेकली. डोक्यात अशी तिडीक गेली की हातात दुसरं काही असतं तर तेही फेकलं असतं. त्या खुंटीवर माझं घर, माझी लेकरं, माझं पुढचं सगळं आयुष्य ठोकलेलं होतं. ती खुंटी आफ्रिकेची होती.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर कुणालाही वाटेल की बाईचं डोकं फिरलंय.

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही, पण आता मी घेते. सोमेश्वर. वसमतला त्याच्या बोअर पाडायच्या दोन मशिनी होत्या. एके काळी धंदा चांगला चालला, पण मग गल्लोगल्ली मशिनी झाल्या, दक्षिणेकडून आणखी आल्या आणि तालुक्यातल्या जमिनीची चाळण झाली. आठशे फूट खाली जाऊन धुरळाच वर यायला लागला. तेव्हा एका हळदीच्या व्यापाऱ्याने, ज्याचा माल तिकडे जातो, सोमेश्वरची गाठ टांझानियातल्या जुमाशी घालून दिली. तिकडे डोडोमाच्या बाजूला आपल्यासारखाच कोरडा मुलूख आहे, पाण्याला मागणी आहे आणि मशिनी कमी आहेत. परवाना जुमाच्या नावावर, मशीन आणि माणसं आमची, असं ठरलं. एक मशीन विकली. दुसरी जहाजात चढली.

मी आधी भांडले. चांगली महिनाभर भांडले. जेवायला वाढायची आणि भांडायची. पण सोमेश्वर तिकडून व्हिडिओ पाठवायचा. पत्र्याचं लाल घर, मागे पपईची झाडं, समोर लेकरांची शाळा. हळूहळू मी त्या घरात मनातल्या मनात चूल मांडली. पासपोर्ट काढले. लेकरं मोबाइलवरून तिकडची भाषा शिकायला लागली, पाण्याला काय म्हणतात, भाताला काय म्हणतात. माझी शिलाई मशीन, जिच्यावर मी लग्नापासून अख्ख्या गल्लीचे ब्लाउज शिवले, ती मी शेजारच्या जिवनबाईच्या सुनेला देऊन टाकली. जूनमध्ये निघायचंच होतं.

फक्त पहिलं काम पार पडायचं होतं. कोंबड्या पाळणाऱ्या एका कंपनीचं आवार होतं, चार एकरांचं. तिथे पाणी लागलं की कंपनीची बाकीची सगळी आवारं आम्हाला मिळणार होती. नाही लागलं तर जुमा दुसरा माणूस बघणार होता, आणि हे त्याने तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे आमची परदेशातली कंपनी म्हणजे ते एक भोक होतं.

आता माझे वडील. संतराम पाणाड्या म्हटलं की शिरड शहापूरपासून पार वसमतपर्यंत कुणीही घर दाखवील. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते रानातून अनवाणी चालतात. जमिनीखाली पाणी असेल तिथे नारळ ताडकन उभा राहतो. खरं की खोटं, ते मला विचारू नका. मी लहानपणापासून नारळ उभा राहिलेला पाहिलाय आणि त्याखाली पाणी लागलेलंही पाहिलंय, कधी कधी न लागलेलंही. पण लोकांची श्रद्धा होती आणि सोमेश्वरची तर लोकांहून जास्त. आबांनी पॉइंट दिल्याशिवाय त्याने मशीन कधी उभीच केली नाही. आमचं लग्न जमलं तेही असंच, बोअरच्या कडेला चहा पिताना.

आबांना गुरूने दोन अटी घातल्या होत्या. पाणी दाखवायचे पैसे घ्यायचे नाहीत, नारळ आणि टॉवेल-टोपी तेवढी घ्यायची. आणि स्वतःच्या रानात पाणी बघायचं नाही. बघितलं की हात गेला. त्यामुळे आबा जगाच्या रानात अनवाणी फिरले आणि स्वतःच्या रानात कायम चप्पल घालून. चुकूनही पायाला काही कळू नये म्हणून. आमचं चार एकर रान जन्मभर कोरडं राहिलं. सोयाबीन आणि तूर काढली की शिमग्यापासून नुसती ढेकळं. माझी माय, द्वारकाबाई, दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी वाहून वाहून मानेतून वाकली. ती विहीरही आबांनीच दाखवलेली.

दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, ज्ञानोबाचा, याच्यावर कायम जळफळाट. "साऱ्या तालुक्याला पाणी दावलं, अन् घरच्या रानाला चपला," असं तो आबांना जेवताना ऐकवायचा. आबा घास चावत राहायचे. सोमेश्वरला तर दादा पहिल्यापासूनच पाण्यात पाहायचा, कारण आबांच्या हातावर दाजींनी मशिनी चालवल्या आणि पोराला मात्र ओलसुद्धा मिळाली नाही.

तर फेब्रुवारीत सोमेश्वर आबांना न्यायला आला. तिकडे जुमाने रीतसर दोन शिकलेली माणसं लावून, तारा आणि सळया जमिनीत रोवून तपासणी करवून घेतली होती. त्यांनी फाटकाजवळचा पॉइंट दिला होता. सोमेश्वरचं समाधान होईना.

"मामा, तुमी एकदा चला. तुमच्या नारळाबिगर मशीन लावायला माजा जीव धजत न्हाई," तो म्हणाला.

"पाय जमिनीवर पायजेत, पावनं," आबा म्हणाले. "तितं हवेत बसून गेलो की हात मेला."

दोन दिवस सोमेश्वरने विनवण्या केल्या. आबा विमानात बसायला तयार झाले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी सोमेश्वर चहा पिता पिता एकदम उठून उभा राहिला. असा तो उठला की मला भीतीच वाटते.

"नकाशा हितंच काढू," तो म्हणाला. "कंपनीचं आवार चार एकर. ज्ञानोबाभाऊंचं रान चार एकर. मोकळंच पडलंय. चुन्याची फक्की मारून हुबेहूब आवार आखायचं. मामा त्याच्यातून चालतील. नारळ जितं उभा राहील, त्याचं माप घेऊन मी तितं भोक पाडतो."

मला आधी हसू आलं आणि मग संताप. "अहो, जमीन इथली आणि पाणी तिथलं कसं कळंल?"

"तुला त्यातलं काय समजतंय? मामाला फोटो बघून पॉइंट सांगतानी मी बघितलंय."

"मग फोटोच दाखवा की."

"तू गप बस."

मी गप्प बसले नाही, पण माझं कोण ऐकतंय? आबांनी तंबाखू मळली, ती तोंडात टाकली, रानाकडे बघितलं. मग म्हणाले, "रान घरचं असलं तरी आखल्यावर ते पावन्याचं झालं. आफ्रिकेचं झालं. चालंल."

दादाने कुरकुर केली. "माज्याच रानात काहून? तुमच्या वसमतला जागा न्हाई का?" पण आबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि तो फक्कीची गोणी उचलायला गेला.

अख्खं गाव तमाशा बघायला बांधावर. मोबाइलमध्ये दिशा बघून सोमेश्वरने फक्कीच्या रेघा मारल्या. कोंबड्यांच्या शेडच्या जागी कडब्याच्या पेंढ्या रचल्या. फाटकाच्या जागी बैलगाडीचं जू आडवं टाकलं. येताना त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून तिकडची लाल माती आणली होती, ती चारी कोपऱ्यांत चिमूट चिमूट टाकली. आमच्या काळ्या रानात ती लाल माती कुंकवासारखी दिसत होती. सोमेश्वर लोकांना सांगत सुटला होता, "हे हापिस. हितं कोंबड्या. हितून ट्रक येतो." म्हातारी माणसं मान डोलवत होती. कुणी तर कडब्याच्या पेंढीला वळसा घालून गेलं, आत कोंबड्या असल्यासारखं.

आबा जुवाजवळ, म्हणजे फाटकाजवळ आले आणि त्यांनी चप्पल काढली.

माझ्या उभ्या आयुष्यात मी आबांना आमच्या रानात अनवाणी पहिल्यांदा पाहिलं. मायनेही पाहिलं. तिने तोंडाला पदर लावला.

आबा चालले. इकडून तिकडे, शेडांच्या मधून, हापिसाला वळसा घालून. नारळ तळहातावर आडवाच. मग वरच्या अंगाला, बांधापासून थोडं आत, जुन्या वारुळाच्या जवळ ते पोचले आणि नारळ उभा राहिला. बांधावरून टाळ्या पडल्या. सोमेश्वर टेप घेऊन धावला. आबांनी खुंटी रोवली आणि दगडाने चांगली खोल ठोकली. दोन्ही कोपऱ्यांपासून मापं घेऊन झाली, सोमेश्वरने ती मोबाइलमध्ये घातली, पुन्हा तपासली, सासऱ्याच्या पाया पडला.

निघताना आबा दादाला म्हणाले, "ज्ञानबा, ही खुंटी काढू नगंस."

त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सोमेश्वर गेला. जुमा त्याच्याशी भांडला, हे त्याने फोनवर सांगितलं. जुमाचं म्हणणं सरळ होतं, तपासणीचा पॉइंट हाताशी असताना वारुळाजवळचा, तोही दुसऱ्या देशात काढलेला पॉइंट कशाला? सोमेश्वरने ऐकलं नाही. माझा सासरा चुकत नसतो, म्हणाला. मशीन तिथे लावली.

बोअर कोरडा गेला. नुसती भुकटी उडाली. सोमेश्वरने आणखी खाली घातलं, मशीनचे गज संपेपर्यंत घातलं. ओलसर मातीसुद्धा वर आली नाही. कंपनीचा साहेब आणि जुमा छत्री धरून बघत उभे होते. पुढच्याच आठवड्यात जुमाने दुसरी मशीन आणली आणि फाटकाजवळच्या पॉइंटला पाणी लागलं, भरपूर. काम गेलं, परवाना जुमाचा, सोमेश्वरला तिथे उभं राहायलाही जागा उरली नाही. आमची मशीन तिकडेच एका आवारात उभी आहे आणि नवरा घरी भिंतीकडे तोंड करून पडला आहे. लेकरं विचारतात, जून कधी येणार? मी त्यांच्यावर खेकसते आणि मग मला रडू येतं.

आणि अशात दादाचा फोन. खुंटीपाशी पाणी लागलं म्हणून.

शुक्रवारी मी एकटीच गेले. सोमेश्वरला सांगितलंच नाही कुठे चालले ते. मे महिन्याचं ऊन, एसटीच्या खिडकीतून भट्टीची वाफ आत येत होती. बाटलीतलं पाणी शिरड शहापूरच्या आधीच संपलं. आणि त्या उन्हात मला आबांचं ते वाक्य आठवलं. ही खुंटी काढू नगंस. मापं तर घेऊन झाली होती. मोबाइलमध्ये गेली होती. मग आफ्रिकेच्या खुंटीचं आमच्या रानात काय काम होतं?

एसटीतून उतरले आणि तडक रानाकडे निघाले.

रानात मांडव घातला होता. मोटर सुरू होती आणि पाइपातून मनगटाएवढी धार पडत होती. फक्कीच्या रेघा अजून थोड्या थोड्या दिसत होत्या. हापिसाच्या जागेत स्वयंपाकाची चूल पेटली होती. धारेखाली माय पाय सोडून बसली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, आणि हसत होती. मायला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझा अर्धा राग तिथेच अडखळला, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"आली का गं लेकरा! बघ, बघ कसं गार हाय," माय म्हणाली. "पेऊन बघ."

"मग पिते," मी म्हणाले. घसा कोरडा पडला होता.

दादा नव्या टोपीत मिरवत होता. "दाजी आले न्हाईत?"

"त्यांच्या आवारात पाणी लागलं नाही, तुला ठाऊक असेल."

"आता त्याला मी काय करू?" दादा म्हणाला. "तितं न्हाई लागलं, म्हणून म्या म्हणलं, नारळ उभा राहिला तर राहिला कशानं? माज्या रानात उभा राहिला तर माज्याच पाण्यानं राहिला आसंल. एवढं तर येड्यालाबी कळतंय."

"मग हे तुला फेब्रुवारीत नाही कळलं?"

तो हसला आणि पत्रावळी मोजायला गेला.

आबा बांधावर लिंबाखाली बसले होते. पायात चप्पल नव्हती. मी समोर जाऊन उभी राहिले. बसले नाही.

"आबा, तुम्हाला ठाऊक होतं इथं पाणी आहे."

ते माझ्याकडे बघत नव्हते, धारेकडे बघत होते. "तू जन्मायच्या आदीपासून," ते म्हणाले. "वारूळ काय उगाच वाढत न्हाई. पण बघायचं न्हाई म्हणलं की न्हाई. चाळीस वर्सं चपला घातल्या."

"आणि फेब्रुवारीत काढल्या."

"पावन्यानं रान आखलं. मला वाटलं, देवानंच वाट काढून दिली. रान आपलं, पण नाव दुसऱ्याचं. मी नारळाला तितं घेऊन गेलो, एवढंच. उभा तो आपला आपण राहिला."

"आणि टांझानियातलं पाणी?"

"आफ्रिकेत पाणी कुठं हाय, ते मला काय ठाऊक, रुकमे? मी कवा गेलतो तितं?" आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला वाटलं, तितं शिकलेली मानसं हायेत, तारा लावून बघितलंय, ते काय माज्या नारळावर जातेत? पावना मापं घेऊन जाईल, दोन दिवस मिरवंल, अन् फाटकापाशीच भोक पाडंल. तो खरंच हितलं माप तितं लावंल, आसं मला सपनातबी वाटलं न्हाई."

"तुम्ही त्याला ओळखत नव्हता? बारा वर्षं तुमच्या नारळावर मशीन उभी करतोय तो!"

आबा उजव्या हाताची बोटं चोळत राहिले.

"एक फोन करायचा होता. पावनं, त्या पॉइंटवर जाऊ नका. एवढंच म्हणायचं होतं."

"तसं म्हणलं आसतं तर हितली खुंटी कशाची, हेबी सांगावं लागलं आसतं." आवाज बारीक झाला त्यांचा. "तुमाला काय, मशीन हाय, सारा देश मोकळा हाय, दुसरं भोक पाडताल. ज्ञानबाला एवढंच रान हाय. त्याची लेकरं हायेत. तुजी माय..." त्यांनी धारेकडे हात केला. "माजा हात गेला, रुकमे. परवा पाणी लागलं तवाच कळलं, बोटं नुसती लाकडावानी झाली. जे द्यायचं ते मी देऊन बसलो."

"तुम्ही तुमचा हात दिला," मी म्हणाले. "माझं घर काहून दिलं?"

मी ओरडले असणार, कारण चुलीजवळच्या बायका वळून बघायला लागल्या. तेवढ्यात तांड्यावरचा लालसिंग नारळ आणि टॉवेल घेऊन आला, आबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "तात्या, उद्या आमच्या रानात पॉइंट बघाया या. घरचं पाणी एवढं लागलं तर आमचं काय विचारता!" आबांनी हात जोडले. "आता न्हाई, बाबा. सुटलं ते." लालसिंगला वाटलं, म्हातारा भाव खातोय. तो हसत आग्रह करत राहिला आणि आबा हात जोडून बसून राहिले. मला त्यांची दया आली. आली, पण ती पुरेशी नव्हती.

पूजा मी केली. मायने ताट हातात दिलं, तिच्यापुढे नाही म्हणता आलं नाही. पाण्याला हळद-कुंकू वाहिलं, खण-नारळ ठेवला, दिवा सोडला. ज्या पाण्याने माझी कंपनी बुडवली त्याला मी ओवाळलं. वहिनीने माझी ओटी भरली आणि साडी दिली. चांगली होती साडी, दादाचा हात एरवी इतका सैल सुटत नाही. मग आबा उठले, स्वतः तांब्या धारेखाली धरला आणि माझ्यापुढे आणला.

"दोन घोट घे," ते म्हणाले. "लेकीनं पेल्याबिगर पाणी गोड होत न्हाई."

सगळा मांडव बघत होता. घसा असा सुकला होता की जीभ टाळूला चिकटलेली. तांब्याच्या कडेवरून थेंब गळत होते. मी तांब्या घेतला आणि तसाच खाली जमिनीवर ठेवला, वारुळापाशी, खुंटीच्या जागी.

"या घरचं पाणी मी पिणार नाही," मी म्हणाले. "आज नाही आणि पुढंही नाही."

माय धारेखालून उठली. दादा म्हणाला, "आगं रुकमे, काय बोलून राहिली तू, चार मानसांत!" मी साडी मांडवाच्या खांबाला अडकवली आणि चालायला लागले. मागून कुणी आलं नाही. फाट्यावर एसटीला उशीर होता. टपरीवर पाण्याच्या बाटल्या होत्या, पण टपरीवाला दादाचा दोस्त, त्यानेही बोअरचं कौतुक सुरू केलं, तेव्हा मी तिथूनही उठले.

घरी आले तेव्हा सोमेश्वर तसाच पडलेला. मी पिशवी टाकली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खुंटी, वारूळ, चप्पल, आबा काय म्हणाले ते शब्दन् शब्द. मला वाटलं, हा आता उठेल, काहीतरी फोडेल, दादाला फोन करून आईबहिणीवरून शिव्या देईल. द्याव्यात असं मला वाटत होतं. कुणीतरी माझ्या बाजूने एकदा तरी ओरडावं.

सोमेश्वर उठून बसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याचे डोळे उजळले.

"म्हंजी नारळ बराबर उभा राहिला व्हता!" तो म्हणाला.

"काय?"

"मामा चुकले न्हाईत! मी म्हणत व्हतो, आसं व्हईलच कसं? रान चुकलं. खालीच पाणी आसल्यावर नारळ करंल काय? तो हितल्याच पाण्याला उभा राहणार."

"अहो, त्यांनी मुद्दाम केलं. मी काय सांगून राहिले?"

"मुद्दाम नारळ उभा राहतो व्हय? नारळ काय मानसाच्या मनानं चालतो?" तो खोलीत येरझाऱ्या घालायला लागला. "पुढच्या बारीला रान घ्यायचंच न्हाई. गच्ची घ्यायची. शाळेच्या गच्चीवर नकाशा आखू, खाली पाणी आसायचा प्रश्नच न्हाई. जुमाला सांगतो, एक भोक अजून दे म्हणावं, बिनपैशाचं करून दावतो." त्याने फोन काढला आणि लावला.

"आबांनी नारळ सोडलाय," मी म्हणाले.

"दुसऱ्यांसाठी सोडला आसंल. आपल्यासाठी एकदा धरतील. लेकीसाठी धरणार न्हाईत व्हय?"

"लेकीसाठीच धरला होता ना फेब्रुवारीत? तुमच्या डोळ्यांदेखत? तिकडं लेक होती आणि इकडं लेकाचं रान होतं. बघितलं ना, नारळ कुणाकडं उभा राहिला ते."

सोमेश्वर थांबला. फोन त्याच्या हातात होता आणि त्यातून जुमाचा आवाज यायला लागला होता, हॅलो, हॅलो, सोमेश? तो पलंगाच्या कडेला बसला आणि माझ्याकडे बघत राहिला, जणू मी आत्ताच घरात आले होते.

मी स्वयंपाकघरात गेले, माठातून तांब्याभर पाणी घेतलं आणि तांब्या खाली न ठेवता सगळं प्याले. मग शेजारी जाऊन जिवनबाईला म्हणाले, सुनेला सांगा, शिलाई मशीन मला परत पाहिजे.